पोथीत ठेवलेल्या चिठ्ठ्या

२२ जून २०२५, रविवार

आज मारुतीच्या सभामंडपात वर्ग भरला. वर्ग हा शब्द चौदा वर्षांनी लिहितो आहे. निवृत्तीच्या दिवशी शाळेची घंटा, म्हणजे रुळाचा तो तुकडा, मी स्वतः वाजवली होती. आज सकाळी तसाच एक ठोका छातीत पडला.

सात जण आले. सगळे सतरा ते बावीस वयाचे. हे सुरू झालं ते माऊलीमुळे. हा पोरगा ताडकळसला मोबाइलच्या दुकानात बसतो, तोंडाचा फटकळ. फेब्रुवारीत मुंजाजीचा गोपाळ गेला. दहा वर्षांचं लेकरू, आईबापाबरोबर ऊसतोडीवर गेलेलं, उसाच्या ट्रॉलीवरून खाली पडलं. त्याला ओढायला धावलेल्या मुंजाजीचा पाय चाकाखाली आला. तेराव्याला माऊलीनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "सर, देवानं हे कामून केलं? तुमच्या एखाद्या कवितेत लिवलंय का?"

कवितेत नसलं तरी पोथीत असेल, असं हळूहळू वाटायला लागलं, म्हणून हा खटाटोप.

पोथी माझ्या बायकोची, विजयमालेची. लाल कापडात बांधलेली. मधल्या एका पानावर तिच्या बोटाचा हळदीचा डाग आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. ती रोज वाचायची आणि मी आरामखुर्चीत पडून ऐकायचो. खरं सांगायचं तर चाल ऐकायचो.

आज घागरीची ओवी घेतली. घागर फुटली तरी तिच्यातलं आकाश फुटत नाही, असा तिचा भाव. चांगला अर्धा तास रंगून बोललो. माऊली म्हणाला, "आकाश न्हाई फुटत सर, पण पानी तर सांडतंय ना."

सगळे हसले. गोपाळची बहीण अर्पिता हसली नाही. ती खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत होती.

१३ जुलै, रविवार

पोरं ऐकतात, पण बोलत नाहीत. आमच्या वेळी वर्गात कविता चालीवर म्हटली की खिडकीबाहेरचे गुराखीसुद्धा सूर धरायचे. आताची मुलं मनाची दारं लावून बसतात.

आज मला विजयमालेची रीत आठवली. मनात काही सलत असलं की ती कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायची, पोथीत ठेवायची आणि पोथी बांधून टाकायची. मी विचारलं तर म्हणायची, "पोथीला सांगितलंय, आता तुमचं काय काम." तिच्या एका चिठ्ठीवरून मला फार सुंदर कविता सुचली होती. दिवाळी अंकात छापून आली, दोन पत्रंही आली. त्यानंतर तिनं चिठ्ठ्या ठेवणं का सोडलं कोण जाणे. वयानं माणसाला आळस येतो.

मुलांना म्हटलं, तुमचं दुःख लिहा, नाव घालू नका, घडी घालून पोथीत ठेवा. पोथीत ठेवलेलं पोथीतच राहील. मी हात लावणार नाही.

निकिता म्हणाली, "सर, तुमी पन लिवा की. का तुमाला काय दुःखच न्हाई?"

"आहे की," मी म्हणालो.

"मग ठिवा."

सातही जणांनी ठेवल्या. माझी मी घरी येऊन लिहिली. शाळेत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला मारायचो तशी लाल दोऱ्याची गाठ मारली आणि हळदीच्या डागाच्या पानात ठेवली. तिची जागा तीच.

१६ जुलै, बुधवार

दुपारी लाइट आली आणि पंखा एकदम जोरात सुरू झाला. पोथी उघडीच होती. पान उलटलं, एक चिठ्ठी खाली पडली आणि पडतापडता उघडली. मी उघडली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

अक्षर ओळखीचं होतं. निवृत्तीनंतर काही वर्षं उन्हाळ्यात मी घरी पोरांकडून अक्षर गिरवून घ्यायचो. अर्पिताचा 'ळ' मीच तिचा हात धरून वळवला आहे. एकदा ओळखल्यावर डोळे मागे घेता येत नाहीत.

तिनं लिहिलं होतं: 'बारावीचा अभ्यास होईना. गोपाळ दिवसभर पिपाणी वाजवायचा. मी आईला खोटंच सांगितलं की तो तुमच्यासंगं यायला रडायलाय. तो रडत नव्हता. त्याला माझ्याजवळच राहायचं होतं. पिपाणी मी ज्वारीच्या डब्यात लपवली. निघताना तो ती हुडकत होता, मी सांगितलं नाही. आई समद्यांना सांगते, लेकराचा जीव माझ्यात गुंतला होता, त्याला मागं राहायचंच नव्हतं. ती असं म्हणली की मला मरावं वाटतं.'

मी रडलो. एवढ्याशा कागदावर किती मोठी गोष्ट. ती पिपाणी, तो ज्वारीचा डबा. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की कवितेत एकच वस्तू अशी असावी की तिच्यावर सगळं तोललेलं असतं. या पोरीनं ती न शिकता आणली.

बाकीच्या चिठ्ठ्यांना मी हात लावलेला नाही.

२० जुलै, रविवार

आज मुद्दाम अशी ओवी निवडली की जिच्यात केलेल्या कर्माचं ओझं उतरवून ठेवायला सांगितलं आहे. अर्पिताकडे न बघता बोललो. वर्ग संपल्यावर ती मागे थांबली. "सर, एखाद्याकडून लय वाईट झालं असंल, तर ते देवाला सांगितलं की भागतं का? का ज्याचं वाईट झालं त्यालाच सांगावं लागतं?"

मी म्हणालो, "आधी देवाला सांग. बाकीचं वेळ आली की होतं."

"मंग वेळ आली की मीच सांगन," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर ऊन आल्यासारखं वाटलं.

माऊलीलाही थोडं वळणावर आणायला हवं. बाप दारू पितो हे लिहिताना चार ओळींत अकरा चुका केल्या आहेत. दुःख असलं म्हणून व्याकरण सोडायचं नसतं.

२८ जुलै, सोमवार

गिरणीवर तानुबाई भेटली, अर्पिताची आई. पिठाचा डबा डोक्यावर घेऊनच बोलली. "गुरुजी, पोरगी तुमच्याकून आली की दोन घास जास्तीचे खाती. परभणीला कॉलेजात नाव घातलंय तिचं. औंदा म्या ऊस तोडाया कोयत्यावर जात न्हाई. यांचा पाय असा, जोडी कुठून आनू. सोयाबीन काढू, निंदू, खुरपू, पर पोरीला शिकवनार."

मग डबा सावरून म्हणाली, "गोपाळ असता तर त्योबी शिकला असता. पर त्याचा जीव माझ्यात. मागं ऱ्हातोय कशाला."

मी मान हलवली.

५ ऑगस्ट, मंगळवार

ओमप्रकाश आला होता. गोकुळाष्टमीच्या सप्ताहाचं सगळं तो बघतो. चौदा तारखेचे प्रवचनकार महाराज आजारी पडलेत, म्हणाला, "गुरुजी, तुमीच बोला. तुमचा पोरांचा वर्ग लय गाजायलाय. पोरांच्या दुःखावरच बोला की."

मला एकदम पासष्ट सालचा शाळेतला तो दिवस आठवला. बक्षीस समारंभाला मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर कविता म्हटली होती आणि शेवटच्या ओळीला पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले होते. ते मी कधी विसरलो नाही.

ओवी ठरली. दृष्टांत शोधतो आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आत्ताच मांडवातून आलो. हात अजून गरम आहेत.

चार ते पाच बोललो. घागरीच्या ओवीपासून सुरुवात केली. ऐकणारे चुळबुळत होते, कुणी मोबाइल बघत होतं. मग मी दृष्टांताला हात घातला. काळजी पूर्ण घेतली. ऊसतोड काढून वीटभट्टी केली. गोपाळऐवजी मुरली हे नाव घेतलं. गाव लांबचं केलं. एक बहीण, परीक्षा, धाकटा भाऊ, तिनं आईला सांगितलेलं खोटं. आणि पिपाणी ज्वारीच्या डब्यात टाकली तिथे मी आवाज खाली आणला. सगळा मांडव गप्प झाला. टाळकऱ्यांच्या हातातले टाळसुद्धा वाजायचे थांबले.

मग विचारलं, "त्या बहिणीनं काय करावं?" आणि ओवी सोडली.

बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू आले. मधल्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून उठली आणि लोकांच्या अंगावरून वाट काढत बाहेर गेली. संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर होतं, तोंड दिसलं नाही. मला वाटलं, ओवी पोचली.

ओमप्रकाशनं नारळ दिला. "गुरुजी, लय रंगलं. बाया रडल्या."

विजयमाला असती तर पुढच्या रांगेत बसली असती.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल्याचं कीर्तन झालं. पोरांनी 'गोपाळा, गोपाळा' म्हणत हंडी फोडली. अर्पिताच्या घरचं कुणी दिसलं नाही. निकिता लाह्या वाटत होती. मी हात पुढे केला, तिनं शेजारच्याला दिल्या आणि पुढे गेली. बहुधा बघितलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

कुणी आलं नाही. दहा वाजेपर्यंत बसलो. सभामंडपात एक कुत्रं आलं, तेही वास घेऊन गेलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फाट्यावर माऊली भेटला. मोटरसायकलला किक मारत होता. मी म्हणालो, "रविवारी का आला नाहीस?"

"सर, वीटभट्टी केली, मुरली केलं. पिपाणी कामून ठिवली?"

"म्हणजे?"

"मातीच्या दिवशी तानुमावशीनं ती पिपाणी घरभर हुडकली. लेकरासंगं ठिवायची म्हून. गावातलं शेंबडं पोरगंबी तिला हुडकू लागलं होतं. तुमी तेव्हा कुठं होता?"

तेव्हा मी परभणीला एका पुस्तकाच्या प्रकाशनाला होतो. ते मी त्याला सांगितलं नाही. म्हणालो, "अरे, पिपाणी काढली असती तर गोष्टीत उरलं काय असतं?"

"गोष्टीत," तो म्हणाला. मग हँडल सरळ करत म्हणाला, "समद्यांच्याच वाचल्या ना?"

"एकच, तीसुद्धा पंख्यानं..."

"मग निकिताला मागं एकदा तुमी मामाच्या घरची भीती घालवायची ओवी कामून सांगितली? मामाचं तिनं कुनाला सांगितलं होतं?"

गाडी सुरू झाली आणि तो गेला. चाळीस वर्षं शिकवलं, कुणी असं पाठ फिरवून गेलं नव्हतं. मी यांना अर्थ देत होतो. यांनी मला काय दिलं?

२० ऑगस्ट, बुधवार

अर्पिताच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. आजी छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. म्हणाली, "माय-लेकी घरात हायती. पर आज न्हाई गुरुजी."

"मी समजावून सांगतो तानुबाईला."

"काय सांगताव? तिला येवढंच धरून ऱ्हायचं होतं, की लेकराला ती पाहिजे होती. ते गेलं. आता दुसरं काय देताव तिला?"

मी पोथीतलं काही बोलायला लागलो, तर ती शेंगा फोडायला लागली.

परत येताना पोथी काखेत होती. ती मारुतीच्या कोनाड्यात ठेवून दिली. ज्यांना नको आहे त्यांच्यासाठी मी का वाहू?

३१ ऑगस्ट, रविवार

कोनाड्यात पोथी बघायला गेलो. कापडाची घडी वेगळी होती. सोडून पाहिलं, मुलांच्या चिठ्ठ्या नाहीत. एकही नाही. न विचारता देवळातून चिठ्ठ्या काढून नेल्या. याला चोरी म्हणतात. हळदीच्या डागाचं पान न उघडताच पोथी बांधली.

म्हणजे माझीही वाचली असणार. कट्ट्यावर बसून वाचत असतील, माऊली माझी नक्कल करत असेल. आज चहाच्या टपरीवर मी गेलो तेव्हा तिघे जण एकदम गप्प झाले. जे विजयमालेच्या डागापाशी ठेवलं होतं, त्यावर ही पोरं हसतात.

ओमप्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. आन पुढल्या वर्षी आपन बाहेरचेच महाराज आनू." नारळ देणारा हाच.

२४ सप्टेंबर, बुधवार

पंधरा दिवस पाऊस. शिवारं पाण्याखाली. सोयाबीन काळं पडलं. मी घरातच आहे. जुन्या पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणून बघतो. दोन कडवी येतात, तिसऱ्याला अडखळतो. पूर्वी अडखळलो तर आतून विजयमाला पुढची ओळ सांगायची.

दूधवाला म्हणाला, पोरं वर्ग भरवायलेत. सभामंडपातच, रविवारी. पोथी नाही, महाराज नाही, नुसते बसतात आणि बोलतात. अर्पितापण येते.

माझी जागा, माझा वार. मला बोलावणं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. ताटात एकट्यासाठी काय वाढायचं, म्हणून काही केलं नाही. आज पोथी घरी आणली. त्यांच्या वर्गात ती कोनाड्यात धूळ खात होती, तेवढंही बघवलं नाही. घरी आणून पुसायला घेतली. हळदीच्या डागाचं पान आपोआप उघडलं.

माझी चिठ्ठी तिथेच आहे.

लाल दोरा तसाच. गाठ तशीच. ही गाठ सोडून पुन्हा तशीच मारणं कुणाला जमत नाही. शाळेत गठ्ठ्याची गाठ कुणी सोडली की मला लांबूनच कळायचं. मी चष्मा पुसून, खिडकीत नेऊन पाहिली. कुणी सोडलेली नाही.

सात पोरांनी पोथी उघडली, आपापलं काढून घेतलं आणि माझं तसंच ठेवलं. माऊलीनंसुद्धा.

आज आणखी काही लिहीत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठी खिशात घालून अर्पिताच्या घरी गेलो. तिच्या हातात द्यायची, म्हणायचं, तुझी मी वाचली, आता माझी तू वाच. वाटेत तीन वेळा हे वाक्य मनात म्हणून पाहिलं. छान वाटलं. छान वाटलं म्हणून मग लाज वाटली.

मुंजाजी बाजेवर पाय लांब करून पडला होता. छबूबाई ज्वारी पाखडत होती.

"अर्पिता आहे का?"

"गेली की. परवा टोळी गेली. तानीच्या कोयत्याला जोडी न्हवती." ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुंजाजीच्या जागी पोरगी गेली होती.

"आणि कॉलेज?"

"कॉलेजाला काय झालंय. ते हाय तिथंच हाय." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "सोयाबीन कुजलं. तानी म्हनली, मला जावं लागन. पोरगी म्हनली, मी येते. तानी व्हय म्हनली न्हाई, न्हाई बी म्हनली न्हाई."

"बोलते का तानुबाई तिच्याशी?"

"कामापुरती. मोळी बांध, पानी आन." मग म्हणाली, "जायच्या दिवशी दोघींनी मिळून डब्यातली ज्वारी उपसली. तळाला गावली पिपाणी. तानीनं पदराच्या गाठीत बांधली. बोलली काय न्हाई. पर बांधू लागली तवा पोरीनं पदर धरला, तर तिनं धरू दिला."

मुंजाजीनं भिंतीकडे तोंड केलं.

"कागुद कशाचा हाय हातात?" छबूबाईनं विचारलं.

"माझी चिठ्ठी. माझं दुःख लिहिलेलं. अर्पितानं वाचावी म्हणून आणली."

"मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा."

नको म्हणवलं नाही. गाठ सोडली. तीन महिन्यांत दोरा कागदात रुतला होता. वाचायला लागलो. 'दिवा विझला तरी भिंतीवर तुझ्या सावलीचा ओलावा आहे', अशा आठ ओळी. मी त्या चालीवरच म्हटल्या, दुसरं येत नाही. संपल्यावर छबूबाई माझ्याकडे बघत राहिली.

"हे तर गानं हाय, गुरुजी. दुःख कुठं हाय यात?"

सात पोरांनी खरं लिहून ठेवलं होतं. मी कविता ठेवली होती, नेटकी, यमक जुळवलेली. हे मला त्या ओट्यावर उभं राहून कळलं.

मग मी सांगितलं. विजयमाला त्या सकाळी म्हणाली होती, आज जाऊ नका, छातीत बरं वाटत नाही. माझं परभणीला कविसंमेलन होतं, अध्यक्ष मीच. म्हणालो, अर्ध्या दिवसात येतो. शेवटच्या कवीला टाळ्या पडत होत्या तेव्हा शेजाऱ्याचे चार फोन येऊन गेले होते. लोकांना मी सांगतो की ती झोपेत गेली. ती झोपेत गेली नाही. दाराशी पडलेली होती, चपला घालून. ती मला बोलवायला निघाली होती की दवाखान्यात, ते मला माहीत नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. या वहीलाही आजच सांगतो आहे.

छबूबाईनं सूप उचललं, दोनदा पाखडलं, पुन्हा ठेवलं. "हे लिवायचं होतं मंग."

"हो."

"माझ्या तोंडून जायाचं न्हाई. मुंज्याबी बोलनार न्हाई. आमच्या घरचं गेलं तसं तुमचं जानार न्हाई."

मी उठलो. काय करावं ते कळेना, म्हणून सवयीनं कागदाची घडी घातली आणि त्याच्याभोवती लाल दोरा गुंडाळायला लागलो. गाठ बसेना.

छबूबाई म्हणाली, "आता कशाला बांधायलाव, गुरुजी. आता काय हाय त्यात."